तुकडीतला तिसरा

२०१७ च्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा ऑनसाईट होतो, मिनियापोलिसला. बाहेर उणे वीस वगैरे तापमान. शुक्रवारी संध्याकाळी टीममधला एक जण म्हणाला, "माझ्या पोराची मॅच आहे, चल." पोरगा अकरावीत, शाळेच्या आईस हॉकी टीममध्ये. मला आईस हॉकीतलं ओ की ठो कळत नाही. परतवाड्याच्या माणसाला बर्फ माहीत असतो तो गोळ्याचा, नाहीतर लग्नात पाण्याच्या ड्रममध्ये टाकायचा! पण रूमवर एकटं बसून कुकर लावण्यापेक्षा बरं, म्हणून गेलो.

तिथे शाळेच्या हॉकीचं भलतंच वेड आहे. राज्याची शालेय स्पर्धा १९४५ पासून चालू आहे, सेंट पॉलला भरते, मार्च महिन्यात. त्या आठवड्यात ऑफिसमधले लोक सुट्ट्या टाकून मॅच बघायला जातात. पहिल्या वर्षी ती जिंकली होती एव्हलेथ नावाच्या लोखंडाच्या खाणींच्या एका छोट्या गावानं. पुढे त्याच गावानं १९४८ ते १९५१ अशी सलग चार वर्षं जिंकली. मित्र हे सगळं असं सांगत होता, जसं आपल्याकडे कुणी १९८३ चा वर्ल्ड कप सांगतं.

मी मात्र वेगळंच बघत होतो. त्या खेळात पुढचे तीन गडी एकत्र उतरतात. पाऊण-एक मिनिट जीव खाऊन पळतात (पळतात म्हणजे घसरतात), मग कठड्यावरून उडी मारून बाहेर, की पुढचे तीन आत. तीनच्या त्या गटाला ते 'लाईन' म्हणतात. मी न राहवून म्हटलं, "अरे, आमच्या खो-खोत पण अस्संच असतं. तीन-तीनच्या तुकड्या! मी खेळायचो शाळेत."

"कितवीपर्यंत?"

"दहावी. मध्येच सोडलं. सीझन अर्धा झाला होता."

"इंज्युरी?"

त्याच्या जगात पोरगा अर्ध्या सीझनमधून बाहेर पडायला दुसरं कारणच नसावं. मी म्हणालो, "हो. गुडघा."

मंडळी, माझा गुडघा तेव्हाही ठणठणीत होता आणि आजही आहे. तेव्हापासून हे लिहायचं राहून जातंय. आज लिहूनच टाकतो.

तर, परतवाडा. अमरावतीहून पन्नास-एक किलोमीटर. अचलपूरला अगदी चिकटून, इतकं की बाहेरच्याला कुठलं कुठे संपतं ते कळत नाही. वर मेळघाट, चिखलदऱ्याचा घाट. गावात दोन गोष्टींचा वास: हंगामात संत्र्यांचा आणि बारा महिने सागाच्या भुश्शाचा. मेळघाटातलं लाकूड उतरतं ते आमच्याकडेच, म्हणून आरागिरण्या भरपूर.

आमच्या शाळेची खो-खोची टीम होती. क्रिकेटपेक्षा खो-खो का? सोपं आहे. क्रिकेटला किट लागतं. खो-खोला दोन खांब, चुन्याची एक फक्की आणि पहाटे साडेपाचला उठवणारे एक सर, एवढं पुरतं. खांबसुद्धा आमच्या टीममधल्या एकाच्या वडिलांनी आणून दिलेले. ते आरागिरणीत कामाला होते. सागाचे दोन तुकडे त्यांनी स्वतः रंधा मारून, हाताला कूस लागणार नाही असे गुळगुळीत करून दिले. जमिनीवर सव्वाशे सेंटीमीटरच्या आत-बाहेर, अगदी नियमाप्रमाणे.

आणि आमच्याकडे देशी खेळांना मान होता, त्यालाही कारण आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. त्यांची पोरं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आली होती. आमचे सर दर मोसमाच्या पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगायचे. पावसात वऱ्हाडची काळी माती पायाला किलो-किलोनं चिकटायची, पोट्टे कुरकुर करायचे, की सर म्हणणार, "बर्लिनले गेलेल्यायच्या पायालेही हेच माती होती बे!"

आता थोडा खेळ सांगतो. ज्यांनी फक्त शाळेच्या तासाला खो-खो खेळलाय त्यांना वाटतं की हा नुसता पळापळीचा प्रकार आहे. तसं नाही. पाठलाग करणारे नऊ. त्यातले आठ रांगेत एकाआड एक तोंड फिरवून बसलेले, नववा पळतोय. त्याला दिशा बदलता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला दोन्ही मोकळं. पळणारे येतात तीन-तीनच्या तुकडीनं. तिघं बाद झाले की पुढची तुकडी. नऊ मिनिटांची पाळी.

खरी गंमत अशी की एका वेळी पाठलाग होतो एकाचाच. तो रांगेतून आत-बाहेर साखळी घालत वेळ काढतो, तेव्हा बाकीचे दोघं दम घेतात. मग तो इशारा करतो आणि दुसरा पाठलाग आपल्या अंगावर घेतो. म्हणजे तुकडीत तुमची मिनिटं फक्त तुमची नसतात. तुम्ही काढलेलं प्रत्येक मिनिट ही बाकीच्या दोघांची विश्रांती असते. तुम्ही लवकर गेलात, तर ते दमानं मरतात.

आमच्या पहिल्या तुकडीत आम्ही तिघं. नावं देत नाही, कारण दोघंही हे वाचतील आणि शिव्या घालतील. तसंही आम्ही एकमेकांना नंबरानंच हाका मारायचो. एक नंबर म्हणजे खांब आणून देणाऱ्यांचा मुलगा. काटकुळा, आणि दुहेरी साखळी अशी घालायचा की पाठलाग करणाऱ्याचा गळ्यातला ताईत भलत्याच दिशेला उडायचा. दोन नंबरचं गावात किराणा दुकान होतं आणि 'दोन नंबर' ह्या हाकेवरून त्याचे वडील भयंकर चिडायचे. तीन नंबर मी. माझ्यात चपळाई बेताची. पण मी घाबरायचो नाही, शेवटपर्यंत थांबायचो आणि खांबावर सूर येणार हे मला आधी कळायचं. सर म्हणायचे, "तिसरा थंड डोक्याचा पाहिजे."

दहावीचं वर्ष. २००५. ऑगस्टमध्ये तालुका जिंकलो, सप्टेंबरमध्ये अमरावतीला जिल्हा. फायनलला आमची तुकडी चार मिनिटं वीस सेकंद टिकली. त्यातले दोन मिनिटं दहा सेकंद माझे! एस.टी.नं परत येताना सगळी बस आमच्या गोंधळानं वैतागली होती. पुढचा टप्पा विभाग. अमरावती विभाग म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम. सामने अकोल्याला, ऑक्टोबरमध्ये, तीन दिवस. तो जिंकला की राज्य.

आणि राज्य म्हणजे नुसती ट्रॉफी नव्हे. राज्यस्तरावर खेळलेल्या पोराला बोर्डात सवलतीचे गुण मिळायचे. मला त्याची गरज नव्हती. एक नंबरला होती. तो सकाळी ग्राऊंड, मग शाळा, मग संध्याकाळी आरागिरणीत वडिलांना हात लावायचा. गणितात त्याचं काय होणार हे त्यालाही माहीत होतं. तो तसं उघड बोलायचाही: "राज्य खेळलो का मॅट्रिक झालो समज."

त्याच तीन दिवसांत माझ्या क्लासची टेस्ट सिरीज होती. घटक चाचणीत बीजगणितात मार्क पडले होते. क्लासमधली वरच्या बाकावरची पोरं इंजिनिअरिंगच्या गोष्टी करायची. (दहावीत! पण करायची.) सरांनी सगळ्यांना पालकांचं संमतीपत्र दिलं होतं, सही करून आणायला. मी ते बाबांसमोर ठेवलं आणि मनात चक्क इच्छा केली की त्यांनी नाही म्हणावं.

बाबा पंचायत समितीत कारकून. खेळाबिळातलं त्यांना काही कळत नव्हतं. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, सही केली आणि म्हणाले, "जा. तीन दिवसानं काय बुडते?"

झालं! म्हणजे आता ठरवायचं मलाच.

मी दोन दिवस विचार केला. आजच्या भाषेत सांगायचं तर कॉस्ट-बेनिफिट ॲनालिसिस. खेळून मला मिळणार काय? सवलतीचे गुण माझ्या कामाचे नाहीत. खो-खोत करिअर नाही. क्लास बुडाला तर मागे पडणार. सगळे मुद्दे बरोबर होते. आजही त्यातला एकही खोडता येत नाही. फक्त त्या यादीत एक नंबर आणि दोन नंबर कुठेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, "सर, घरून नाही म्हणतात."

सर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. टी-शर्ट उद्या आणून दे." दुसऱ्या दिवशी माझा तीन नंबरचा टी-शर्ट नववीतल्या एका पोराला दिला. त्याला तो मांडीपर्यंत यायचा. सही केलेलं संमतीपत्र माझ्या भूमितीच्या पुस्तकात होतं. तिथेच राहिलं.

टीम शकुंतलेनं गेली. तरुण वाचकांसाठी: शकुंतला म्हणजे अचलपूर ते मूर्तिजापूर नॅरोगेज गाडी. ७६ किलोमीटरला चार तास आरामात घ्यायची. आता ती बंद आहे. अंजनगाव, बनोसा करत करत मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं अकोला. पैसे कमी लागत म्हणून सर टीमला तिनंच न्यायचे. ती पोरं निघाली तेव्हा मी क्लासमध्ये होतो. तिथून स्टेशन तसं लांब. भोंगा ऐकू आला असं मी नंतर बरेच वर्ष स्वतःला सांगत होतो, पण ते काही खरं नसावं.

सेमी फायनलला आम्ही एका गुणानं हरलो. १७-१६.

हे मला दोन नंबरनं सांगितलं. दुसऱ्या डावात नववीतला पोरगा पंधरा-वीस सेकंदांत बाद झाला. मग एक आणि दोन नंबर दोघंच. दम घ्यायला तिसरा नाही. एक नंबरनं साखळीवर साखळी घालत एकट्यानं दोन मिनिटं काढली आणि शेवटी पाय उचलेनात म्हणून खांबापाशी उभाच राहिला. ज्यानं त्याला बाद केलं त्यानं सूरसुद्धा मारला नाही. चालत येऊन हात लावला.

एक नंबर मला काहीच बोलला नाही. मी म्हटलं, "बाबांनी नाही म्हटलं यार." तो म्हणाला, "हाव ना." एवढंच.

ती टेस्ट सिरीज मी दिली. पन्नासपैकी एकेचाळीस मिळाले. ते एकेचाळीस पुढे कुठल्याही मार्कशीटवर आले नाहीत.

मार्च २००६ मध्ये बोर्ड. मला ८८ टक्के. एक नंबर गणितात नऊ गुणांनी गेला. ऑक्टोबरला पुन्हा बसला, पुन्हा गेला आणि मग आरागिरणीतच लागला. माझं पुढचं तुम्हाला माहीतच आहे: बारावी, इंजिनिअरिंग, पुणे, क्युबिकल, ऑनसाईट, ईएमआय. हा ब्लॉग.

तुम्ही म्हणाल, पंधरा वर्षांच्या पोरानं अभ्यास निवडला, त्यात एवढं काय? मीही स्वतःला हेच सांगत आलो. आणि अभ्यास निवडल्याचं मला खरंच वाईट वाटत नाही. पुन्हा ती वेळ आली तर कदाचित तेच करीन. मला बोचतं ते दुसरंच. मी निवड केली आणि सही मात्र बाबांच्या नावावर खपवली. सरांना, मित्रांना, आणि अकरा-बारा वर्षांनी त्या अमेरिकन माणसालासुद्धा खोटंच सांगितलं. तिथे बाबा नव्हते, म्हणून गुडघा पुढे केला. ऑफिसात आपण हे रोज बघतो, नाही का? "क्लायंटची प्रायॉरिटी बदलली," "मॅनेजमेंटनं ठरवलं." टीममधून उठून जाणाऱ्याला नेहमी कोणीतरी 'घरून नाही म्हणणारं' लागतं.

असो. पुढचं ऐका.

१९ जानेवारी २०२५, रविवार. दिल्लीत खो-खोच्या पहिल्या वर्ल्ड कपची फायनल. तुमच्यापैकी किती जणांनी बघितली माहीत नाही. मी पुण्यात सोफ्यावर बसून दोन्ही बघितल्या. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, मुलांनीही नेपाळलाच, ५४-३६. दोन्ही कर्णधार मराठी: प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. खेळ ओळखू येईना इतका बदललेला! मातीऐवजी मॅट. बसणारे कमी. पाठलागात एक 'वझीर', ज्याला कुठल्याही दिशेनं पळता येतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: पळणाऱ्यांची तुकडी तीन मिनिटांपुढे टिकली की तिला गुण मिळतात. त्याला 'ड्रीम रन' म्हणतात. आमच्या वेळी टिकण्याला गुण नव्हताच. गुण फक्त बाद करणाऱ्याला. तुम्ही नऊ मिनिटं पळालात तरी तुमच्या नावापुढे शून्य!

मॅच संपली आणि मी एक नंबरला फोन लावला. अधूनमधून बोलणं असायचंच, लग्नाबिग्नात भेटीही व्हायच्या. तो आता परतवाडा-चिखलदरा काळी-पिवळी चालवतो. स्वतःची आहे. आणि पहाटे गावातल्या पोरापोरींना खो-खो शिकवतो, फुकट. फोनवर मागे नुसता कालवा. सगळी पोरं त्याच्या घरी टीव्हीसमोर जमली होती.

"पाह्यलं का बे? टिकलं तं पाइंट देऊन राह्यले आता! आपल्या वक्ताले असतं तं?"

मी म्हटलं, "तुझे अकोल्याचेच किती झाले असते."

तो हसला. मग मी बोलून टाकलं. वीस वर्षांनी, रात्री दहा वाजता, फोनवर. की बाबांनी नाही म्हटलं नव्हतं. सही केली होती. मीच आलो नाही.

तो म्हणाला, "मले मालूम होतं."

"काय?"

"तुह्या बाबानं सही केली होती, मले मालूम होतं. आम्ही निघालो त्या दिवशी तुहे बाबा सायकलवर भेटले ना मले. म्हणे, सगळे चालले का अकोल्याले? आमच्या पोराकडं ध्यान ठेवजो, त्याले बाहेरचं पचत नाही."

मला काय बोलावं कळेना. बाबांना तीन दिवस काय वाटलं असेल? मी तर रोज संध्याकाळी घरी होतो. त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. २०१९ साली बाबा गेले. आता विचारायचीही सोय नाही.

"मग तू बोलला काहून नाही?" (चिडलो किंवा घाबरलो की माझी वऱ्हाडी परत येते.)

"बोलून काय भेटनार होतं? आन् तू असता तं जितलोच असतो असं काही नाही. एका पाइंटाचं काय सांगता येते?" मग थोडं थांबून म्हणाला, "पन त्या दिवशी दम लई लागला यार. मी मांगं पाहून राह्यलो, तिसरा कुठी हाय."

मी काही वेळ बोललोच नाही. मागे पोरांचा गोंधळ चालूच होता. तोच म्हणाला, "दिवाळीले येजो. पोट्ट्यायले तिसऱ्या नंबरचं पळनं दाखव. हे सारे एक नंबरच होऊन राह्यले, थांबत कोनीच नाही."

दिवाळीला गेलो. पहाटे साडेपाच, तीच काळी माती, सुकलेली. पायात महागाचे रनिंग शूज होते, ते त्यानं काढायला लावले. खांब लोखंडी आहेत आता. दोन नंबरही आला होता, दुकान उघडायच्या आधी, माझ्याहून जास्त पोट घेऊन. आम्ही तिघं एका तुकडीत उतरलो. समोर सातवी-आठवीची पोरं-पोरी.

दोन नंबर दहा सेकंदांत गेला. मग एक नंबरनं पाठलाग अंगावर घेतला, दोन साखळ्या घातल्या आणि माझ्याकडे बघून हात केला. मी घेतला. चाळीस सेकंद! सातवीतल्या एका मुलीनं खांबावर सूर मारून मला बाद केलं. सूर येणार हे मला आधी कळलंही होतं. पाय वळायच्या आत तिचा हात लागला.

मी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होतो. गुडघे ठणठणीत. तो पलीकडच्या खांबाजवळ उभा होता, कमरेवर हात ठेवून, दम घेऊन झालेला. मग पोरीनं खो दिला आणि तो परत पळायला लागला.